तीनदा म्हटलेली छाप

तमाम रसिक जनांना, पूर्णगडच्या खाडीच्या अल्याडपल्याडच्या सर्व वाड्यांना, हयात असलेल्या आणि नसलेल्या सर्व शाहिरांना, तसेच डोक्याला टाके पडलेल्या सर्व मान्यवरांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, गौरीच्या जेवणादिवशी आमच्या देवळाच्या मांडावर, म्हणजे पुढच्या नाचाच्या अंगणात, जो जवाब गायला गेला, ज्याच्यापायी सात डोकी फुटली आणि एक ढोलकी कायमची मुकी झाली, तो जवाब माझे वडील नाना शाहीर यांनी रचलेला नव्हता. तो मी रचला होता. तेव्हा मी पंधरा वर्षांची होते आणि चुलीपुढे कुर्ल्यांच्या ढिगाशेजारी बसले होते. या गुन्ह्याला चिथावणी देणारा मुख्य आरोपी अमेरिकेतला एक काळा गीतकार आहे. तो माझ्या जन्माच्या कितीतरी आधी वारला. पूर्णगड कुठे आहे हे त्याला ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. तरीही माझी साक्ष पक्की आहे. तो नसता तर ती डोकी शाबूत राहिली असती आणि मी गप्प राहिले असते. मी गप्प राहिलेली कशी दिसले असते, याची कल्पना माझ्या नवऱ्याला अधूनमधून करायला आवडते.

आमचं घर म्हणजे ठोकाठोकीचं घर. नाना होड्या दुरुस्त करत. फळ्यांच्या फटीत कापसाची वात सारायची आणि लाकडी हातोड्याने ठोकून ठोकून आत बसवायची, म्हणजे पाणी शिरत नाही. अंगणात सदा एखादी होडी पालथी पडलेली असायची आणि तिच्या पाठीवर नानांचा हातोडा चालायचा. टक टक टकाटक, टक टक टकाटक. त्याच तालावर त्यांना चाली सुचत. आत आई पाट्यावर ओलं खोबरं आणि मिरच्या वाटायची, ती घरघर वेगळी. अंगणाच्या कडेला सुकट वाळत घातलेली, तिच्यावर कावळे उतरले की आई दगड फेकायची. नेम इतका अचूक की कावळे तिचा आवाज ऐकूनच उडायचे. आणि या सगळ्यात अधूनमधून एक चापट वाजायची, ती माझ्या गालावर. नाना मारकुटे होते. हे मी हसत हसत सांगते, लोकही हसतात. पण पावसाळ्यात माझा डावा खांदा अजून ठणकतो आणि तेव्हा मी एकटीच असते, म्हणून हसत नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे गणपतीत जाखडीचे नाच होतात आणि त्यात शक्ती आणि तुरा अशा दोन बाजूंचे सामने लागतात. शक्तीवाल्यांचं म्हणणं, जगात देवी मोठी. तुरेवाल्यांचं म्हणणं, शंकर मोठा. मधे शाहीर उभा, बाजूला ढोलकी आणि झांज, भोवती पायात चाळ बांधून नाचणारे झीलकरी. शाहीर ओळ म्हणतो, झीलकरी ती उचलतात. एक बाजू गाण्यातून सवाल टाकते, दुसरीने गाण्यातूनच जवाब द्यायचा, तोही शाहिराने स्वतः रचून, तिथल्या तिथे. आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटी छाप. म्हणजे शेवटच्या कडव्यात कवीने आपलं नाव गुंफायचं. आमच्या मांडावर छाप तीनदा म्हणायची रीत. मधे थांबायचं नाही. छाप अर्धी सोडली तर गाणं बेवारशी झालं, सामना हरला. कुणाचा बाप मेल्याची बातमी आली तरी आधी छाप तीनदा पुरी करायची आणि मग रडायचं.

नाना तुरेवाले. आवाज असा की खाडीपलीकडच्या म्हशी कान टवकारत. शब्द मात्र त्यांना लवकर वश व्हायचे नाहीत. मी बारा वर्षांची असताना एका सकाळी ते होडीवर ठोकता ठोकता एकाच ओळीवर अडले. तीच ओळ, तोच अडखळा, तास झाला. मी सुकट निवडत होते. कंटाळून म्हटलं, "नाना, तिथे 'डमरू' घाला ना. मग बसतं." नानांनी हातोडा खाली ठेवला, उठून आले, माझ्या मुस्काटात दिली आणि परत जाऊन 'डमरू' घातला. ओळ बसली. त्या वर्षी ते गाणं चार वाड्यांत गाजलं. त्यानंतर ही आमच्या घरची रीतच झाली. नाना सवालजवाबाचा विषय सांगायचे, मी लिहायचे, ते मारायचे आणि गायचे. सामन्याच्या दिवशी तर मी स्वयंपाकघरातच बसायची. आमचं घर मांडाला लागून, चुलीच्या वरच्या झरोक्यातून सगळं ऐकू येई. समोरच्याने सवाल टाकला की मी भराभर जवाब लिहायचा, आईने शाहिराच्या विड्याचं तबक बाहेर न्यायचं आणि कागद पानांच्या खाली. नाना विडा उचलत, कागद ढोलकीच्या आड, ढोलकीवाल्याच्या गुडघ्याला टेकवून वाचत आणि गात. शेवटी छाप, 'कवी नाना म्हणे'. ती मीच लिहायचे, माझ्याच अक्षरात.

आता आरोपीकडे वळते. भाऊकाका, नानांचे थोरले भाऊ, जन्मभर जहाजावर खलाशी होते. लग्न केलं नाही. कानापासून हनुवटीपर्यंत एक व्रण होता, त्याची दरवर्षी नवी गोष्ट असायची. कधी तो मोंबासाला पडलेला, कधी मार्सेलला, एकदा तर देवमाशाने केलेला. निवृत्त होऊन ते आमच्या पडवीत राहायला आले ते एक पत्र्याची पेटी आणि एक चावीचा फोनो घेऊन. पेटीत कपडे कमी आणि तबकड्या जास्त. त्यांतल्या तीन तबकड्या ते कापडात गुंडाळून ठेवायचे आणि दुपारी नाना खाडीवरच्या होड्या ठोकायला गेले की लावायचे. पियानो असा वाजे की जणू कोणी जिना धडाधडा उतरतंय आणि मधेच पाय घसरतोय. त्यावर एका बाईचा आवाज, खरखरीत, खमका, आमच्या बाजारातल्या मासेवालीसारखा.

"काय बोलते ती, काका?" मी विचारायची.

"बोलते, नदीला पूर आला नि पूल व्हावून गेला. आता नवरा पलीकडं नि मी हिकडं."

"मग रडते का?"

"रडतंय कोण? बोलते, बरा झाला पूर आला."

या तबकड्या कुठून आल्या ती गोष्ट मात्र दरवर्षी बदलत नसे. तरुणपणी भाऊकाकांचं जहाज अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका नदीकाठच्या बंदरात दुरुस्तीला तीन महिने अडकलं होतं. गोऱ्यांच्या खाणावळीत त्यांना घेत नसत. एका काळ्या पोक्त बाईची खाणावळ होती, तिथे ते जेवायला जात. ती मासे मक्याच्या पिठात घोळवून तळायची. "आपल्या आवशीच्या हाताची चव, गो," काका दर वेळी म्हणत. त्या बाईचा बाप गीतकार होता. हे काळे लोक गुलामगिरीतून सुटून फार पिढ्या झाल्या नव्हत्या, तरी नाचगाण्याच्या थिएटरांत गाजायची ती गाणी बहुतेक त्यांचीच. छापणारे गोरे, गाणारे गोरे. गाणी विकत घेऊन टाकायची आणि रचणाऱ्याचं नाव पुसून टाकायचं. बाईने काकांना दिलेला गाण्याचा एक छापील कागदही पेटीत होता. त्यावर जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासलेला, ओठ रंगवलेला एक गोरा माणूस दात काढून हसत होता. मला वाटलं शिमग्यातला काळ्या सोंगाचा संकासुर.

"ह्यो माणूस तिच्या बापाची गानी गायचा," काका म्हणाले. "वर त्येचं चित्र, खाली त्येचंच नाव. बापाचं नाव कागदाच्या मागंपुढं कुटं नाय."

"मग बापाने काय केलं?"

काकांनी फोनोची चावी फिरवणं थांबवलं. "काय करनार? एक दिवस थेटरात गेला. काळ्या मानसांना वर माळ्यावर बसवायचे, तितं बसला. गानं संपलं, टाळ्या पडल्या, तसा ह्यो उटून हुबा ऱ्हायला नि वरडला, ता गानं माजं हाय. बस, येवडंच बोलला. जिन्यावरनं खेचत न्हेला त्येला. रस्त्यावर पाडला. हात फरशीवर धरला नि टाचेनं एक एक बोट मोडला. पियानो वाजवनारी बोटं, शेवंती. दुसऱ्या दिवशी घर पेटवलं."

मी सुकट निवडत होते ती तशीच हातात राहिली. ती खाणावळवाली बाई तेव्हा सात वर्षांची होती. बाप पुढे गुणगुणायचा आणि ती लिहून घ्यायची. त्याच सुमाराला उत्तरेकडच्या मोठ्या शहरात काळी माणसं कविता लिहू लागली होती, कादंबऱ्या छापू लागली होती, मासिकं काढू लागली होती आणि खाली ठसठशीत स्वतःची नावं घालत होती. तिचा बाप म्हणायचा, मीही तिकडे जाणार. गेला नाही. या तीन तबकड्यांवरची गाणी त्याची होती. बाईने त्या काकांना दिल्या, कारण तिला मूलबाळ नव्हतं आणि काकांनी तिचे मासे मन लावून खाल्ले होते. देताना तिने बापाचं नाव काकांकडून तीनचारदा म्हणवून घेतलं होतं.

"काय नाव?" मी विचारलं.

भाऊकाकांनी व्रणावरून बोट फिरवलं. "ताच तर. इसरलो."

"विसरलात?"

"तीन महिने तिच्या हातचे मासे खाल्ले नि बापाचं नाव तेवडं गिळलं. जल्लं माजं डोकं!" असं म्हणून त्यांनी खरोखरच स्वतःच्या कपाळावर मूठ मारली. आज मी हे लिहिताना माझ्या टेबलावर फोन आहे, त्यात अख्ख्या जगाचं ज्ञान आहे म्हणतात. मी शोधलं. बंदर सापडतं, त्या काळची थिएटरं सापडतात, काजळी फासलेले गोरे तर ढिगाने सापडतात. तो सापडत नाही.

मी तेव्हा मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "आपल्याकडे असं होत नाही बघा. आपल्यात छाप असते. गाण्यातच नाव, पुसणार कसं?"

काका पानाची पिंक अंगणात टाकून म्हणाले, "व्हय? नि तुज्या गान्यात कोनाचं नाव असतं गो?"

आणि त्यांनी फोनोला चावी दिली. बाई परत पुराचं गाणं म्हणायला लागली. मला मात्र त्या दिवशी आईच्या बांगड्याच्या तिखल्याला चव लागेना, आणि आमच्या घरात हे आजारपणाचं लक्षण समजलं जायचं.

चार दिवस मी गप्प राहिले. चार दिवस हा माझा आजवरचा विक्रम आहे. पाचव्या दिवशी नाना जेवायला बसले होते, भात, तिखलं, भाजलेला पापड. त्यांचा हात अर्ध्यात असताना मी म्हटलं, "नाना, औंदाच्या गाण्यात छापेत माझंही नाव घालायचं का? तुमच्या बाजूला. बारीक."

आई वाढता वाढता थांबली. नाना शांतपणे हात धुऊन उठले. मला ते शांत उठले की भीती वाटायची. "कोनी शिकवलं?" त्यांनी विचारलं. मग परत, "कोनी शिकवलं, विचारतोय." मी पडवीकडे बघितलं नाही, पण माझे डोळे तिकडे गेलेच असणार. नाना पडवीत गेले. कापडातल्या तीन तबकड्यांपैकी हाताला लागली ती घेतली आणि दाराच्या चौकटीवर आपटली. ती फुटल्याचा आवाज फार मोठा झाला नाही. पापड मोडल्यासारखा झाला. मग त्यांनी माझी वेणी धरली.

भाऊकाका साठीचे होते. पण जगभरच्या बंदरांतल्या मारामाऱ्या त्यांच्या अंगात मुरलेल्या होत्या, आणि त्या बाहेर काढायला निमित्त मिळाल्यावर त्यांना झालेला आनंद मी विसरलेले नाही. "सोड तिला, रे भडव्या!" असं म्हणून त्यांनी नानांच्या कमरेला मिठी घातली आणि दोघे भाऊ पडवीच्या पायऱ्यांवरून अंगणात कोसळले. तिथून वाळत घातलेल्या सुकटीत. नानांनी काकांच्या कानाला चावा घेतला. काकांनी नानांच्या तोंडात मूठभर सुकट कोंबली. नानांनी हातोडा उचलला, काकांनी वल्हं उचललं, आणि होडीभोवती दोघांची पाठशिवणी सुरू झाली. शेजारपाजारचे कुंपणावर येऊन बसले. शेवटी आईने भाताची उकळती पेज भरलेलं पातेलं आणलं आणि दोघांच्या मधे ओतलं, अंगणातच, पण पाय भाजतील इतकं जवळ. "पुढचा टोप डोक्यावर," ती म्हणाली. दोघे थांबले. त्या संध्याकाळी तिने दोघांच्याही जखमांना हळद लावली, जरा जोरातच.

नंतर भाऊकाका फुटक्या तबकडीचे तुकडे गोळा करत बसले होते. मी मदतीला गेले तर म्हणाले, "ह्ये आता वाजनार नाय. तू रडू नुको. तू आपलं बघ."

आमच्याकडच्या गौरी शाकाहारी नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांना तिखटाचं जेवण लागतं. कोंबडी, मटण, आणि आमच्या वाडीत कुर्ल्या हव्याच. त्यामुळे त्या दिवशीचं आमचं स्वयंपाकघर म्हणजे रणभूमी. सकाळपासून आईने तीन कोंबड्या कापलेल्या, पिसं चुलीपर्यंत उडत आलेली, आणि मी कुर्ल्यांच्या नांग्या वरवंट्याने फोडत बसलेली. दुपारी जेवणं झाली आणि मांडावर ढोलकी वाजली. सामना होता गुहागरकडून आलेल्या तात्या शाहिराशी. शक्तीवाला, काटकुळा, डोळे मिचकावत गाणारा माणूस. नानांनी त्याला आधीच्या वर्षी हरवलं होतं आणि तो ते विसरलेला नव्हता.

दोन सवाल झाले, दोन जवाब गेले. छापा नेहमीच्या. मग तात्याने गळा साफ केला, गर्दीकडे बघून डोळा मिचकावला आणि तिसरा सवाल टाकला.

"विष गिळिले म्हणुनी भोळा नीळकंठ झाला गं,
कंठी ज्याने अडवले तो हात कुणाचा, बोला गं!"

सवाल चांगला होता. समुद्रातून निघालेलं विष शंकर प्याला हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते पोटात उतरू नये म्हणून पार्वतीने त्याचा गळा आवळून धरला, असं शक्तीवाले सांगतात. मग नाव त्याचं एकट्याचं का? शक्तीवाल्यांनी आरोळ्या ठोकल्या. नानांचे झीलकरी अस्वस्थ होऊन चाळ वाजवत उभे. ढोलकी नुसती घुमत ठेवली, वेळ काढायला. आणि मी चुलीपुढे, हाताला कुर्लीचा वास, गुडघ्यावर कागद.

त्या वेळी मी फार विचार केला असं सांगितलं तर ते खोटं होईल. माझ्या डोक्यात फक्त एक चित्र होतं. माळ्यावर उभा राहिलेला एक माणूस. मला त्याची भीती कळत होती, कारण माझीही बोटं आखडली होती. पहिली चार कडवी मी तुरेवाल्यांना साजेशी लिहिली. हात गौरीचाच, नाही कोण म्हणतो, पण जळजळ सोसली कोणी, असं सगळं. ती चांगली उतरली. मग छापेपाशी आले. 'कवी नाना म्हणे' लिहायला पेन्सिल टेकवली आणि दुसरंच लिहिलं.

"झालं?" आई तबक घेऊन उभी.

"झालं."

"मंग घाम कशाचा आला येवडा?"

"चुलीचा."

आईला वाचता येत नव्हतं. तिने कागद घेतला, पानांखाली सरकवला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि गेली.

मी झरोक्याला डोळा लावला. नानांनी विडा तोंडात टाकला, कागद ढोलकीवाल्याच्या गुडघ्याला टेकवला आणि सुरू झाले. पहिल्या कडव्याला तुरेवाल्यांनी टोप्या उडवल्या. दुसऱ्याला तात्याचा चेहरा उतरला. तिसऱ्याला खुद्द गावकर, म्हणजे मांडावरचा मानाचा म्हातारा, ज्याच्या हातचा नारळ आणि शेला जिंकणाऱ्याला मिळायचा, तो मांडीवर ताल धरू लागला. नाना रंगात आले होते. आणि ते छापेला आले. कागदावर 'नाना' दिसणारच, तीन वर्षं दिसत आलं होतं, आणि दिसलंही. त्यांनी डोळे मिटले, एक हात कानावर ठेवला आणि सगळ्या खाडीला ऐकू जाईल असं गायलं,

"चुलीपुढे बसुनी रचिते नानांची ही शेवंती!"

झीलकऱ्यांनी ओळ उचलली. झीलकरी शब्दांचा विचार करत नाहीत, त्यांचं लक्ष पायांवर असतं. बारा बाप्ये गिरकी घेऊन, चाळ दणाणत, 'नानांची ही शेवंती' म्हणत फिरले. नानांचे डोळे उघडले. त्यांनी कागदाकडे बघितलं, मग झरोक्याकडे. माझा डोळा तिथेच होता. थांबता येत नव्हतं. थांबले तर सामना गेला, गाणं बेवारशी. त्यांनी दुसरी ओळ वाचली,

"विष त्याचे अन् हात तिचा रे, दोघांचीही हो गणती!"

आणि दुसऱ्यांदा छाप म्हटली. या वेळी आवाज घोगरा. तिसऱ्यांदा म्हटली तेव्हा ते माझ्याकडेच बघत होते आणि त्यांच्या मानेच्या शिरा दोरखंडासारख्या तटतटल्या होत्या. एक अक्षर गाळलं नाही. बाप म्हणून काय ते असोत, शाहीर म्हणून इमानी होते.

ढोलकी थांबली. तात्या उभा राहिला.

"ही शेवंती कोन?"

आमच्यातला एक भोळा झीलकरी, धापा टाकत, अभिमानाने म्हणाला, "पोरगी हाय नानांची! धाव्वीत हाय!"

"म्हंजे नाना, बाईच्या पदराआडनं गातोस व्हय रे तू?" तात्या हसला आणि त्याने डोळा मिचकावला. तो डोळा त्याने मिचकावला नसता तर कदाचित बोलण्यावर भागलं असतं. नानांनी ढोलकीवाल्याच्या मांडीवरची ढोलकी उपसली आणि तात्याच्या डोक्यात घातली. ती फाटली आणि त्याच्या गळ्यात अडकली. शक्तीचा झांजवाला धावून आला, झांज ताटासारखी आडवी धरून, आणि त्याने नानांची भुवई उभी फाडली. मग कोण कोणाला मारतंय याला अर्थ उरला नाही. चाळांचे पट्टे फिरत होते, घुंगरं पावसासारखी सांडत होती. मांडवाचा एक बांबू मोडला आणि त्याच्या लगेच दोन लाठ्या झाल्या. एकाने देवापुढचे नारळ फेकायला सुरुवात केली. एक नारळ देवळाच्या घंटेवर बसला, ती आपोआप वाजली आणि दोघांनी त्यातही नमस्कार केला. आमचा तो भोळा झीलकरी तुळशीपाशी बसून आपला दात शोधत होता. भाऊकाका कुठून आले ते कळलं नाही, पण त्यांनी कुणाच्या बाजूने लढायचं हे ठरवलेलं नव्हतं. समोर येईल त्याला ते हाणत होते आणि कुठल्याशा परदेशी भाषेत गात होते.

गर्दी फोडून नाना स्वयंपाकघरात आले. भुवईचं रक्त डोळ्यात, डोळ्यातून मिशीत. हातात चाळांचा पट्टा. आई आडवी झाली, तिला ढकललं. पहिला फटका माझ्या डाव्या खांद्यावर बसला, हाड वाजलं ते मला ऐकू आलं. मी कुर्ल्यांवर पडले. दुसऱ्यासाठी हात वर गेला आणि मागून भाऊकाकांनी तो मनगटात पकडला. तेवढ्यात दारात गावकर येऊन थांबला. बाप्ये परक्याच्या चुलीपाशी जात नाहीत, म्हणून तो उंबऱ्याबाहेरच राहिला. त्याच्या मागे सगळा मांड, फुटकी डोकी धरून, धापा टाकत. गळ्यात ढोलकीचं कडं घातलेला तात्याही.

गावकराच्या हातात नारळ आणि शेला होता. "नाना," तो म्हणाला, "जवाब बिनतोड हाय. पन कोनाचा, ता सांग. दुसऱ्यानं रचून दिल्याला असंल तर सामना तात्याचा. तुजा असंल तर ह्यो शेला तुजा." मग त्याने आवाज खाली आणला. म्हातारा दयाळू होता. "लाडानं नाव घातलंस पोरीचं छापेत, व्हय ना? लाडानं घालतात कदी कदी. व्हय बोल नि मोकळा हो."

व्हय म्हणणं किती सोपं होतं. सगळी वाडी तेच ऐकायला टपली होती. माझ्या खांद्यात कळा येत होत्या, पण मी रडत नव्हते, मी नानांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांचे ओठ हलले. त्यांनी शेल्याकडे बघितलं, जरीच्या काठाकडे. मी मनात त्या माळ्यावरच्या माणसासारखी उभी राहिले होते. पण मी बोलले असते तरी कुणी मानलं नसतं. तिथे फक्त नानांच्या शब्दाला किंमत होती.

"लाडानं?" तात्या मागून खेकसला. "लाडानं नाव घातलं नि लाडानंच खांदा मोडला काय? हातात काय हाय तुज्या, बग जरा! बोल की, का मारतोस रे तिला?"

नानांनी हातातल्या पट्ट्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. आणि मांडावर गाताना लावत तेवढ्याच आवाजात ओरडले,

"माज्यापेक्षा चांगलं लिवते, म्हनून मारतो!"